काळ्या पडद्यावरची टायपिस्ट

वर्णनपत्रक. कर्मचारी: स्त्री. वय: पंचावन्न. पदनाम: टंकलेखक, श्रेणी दोन. कर्तव्ये: इतरांनी लिहिलेला अथवा तोंडी सांगितलेला मजकूर जसाच्या तसा टंकित करणे. स्वतंत्र लेखनाचा अधिकार: नाही. ताब्यातील साधने: टंकलेखन यंत्र, एक. शेरा: प्रामाणिक.

हे पत्रक शहर बस सेवेच्या मुख्य कचेरीत, आस्थापना शाखेच्या कपाटात, निळ्या फाइलमध्ये आहे. दर पाच वर्षांनी ते अद्ययावत करतात, म्हणजे वयाचा आकडा बदलतात. त्यातलं टंकलेखन यंत्र एकोणीस वर्षांपूर्वी भंगारात गेलं. बाई गेल्या नाहीत, कारण भंगारात काढायच्या वस्तूंच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. ती यादी त्यांनीच टाइप केली होती.

यंत्राच्या जागी संगणक आला. तो बसवायला आलेला माणूस ड्रायव्हरांच्या ड्यूटीची यादी करणारा प्रोग्रामही लिहिणार होता. दोनशे ओळी लिहून झाल्यावर त्याला दुसरीकडे नोकरी लागली. जाण्यापूर्वी त्याने एका दुपारी बाईंना समोर बसवून सांगितलं, "हा एडिटर. इथे टाइप करायचं. कुठली कळ दाबली की काय होतं ते खाली दोन ओळींत लिहिलेलं आहे. ही दाबली की जतन, ही दाबली की शोध, ही दाबली की बाहेर. काही शंका?"

"उजवा समास कुठे लावायचा?" बाईंनी विचारलं.

त्या माणसाने हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा. समास नसतो म्हणाला. बाईंना ते पटलं नाही. त्यांनी समास मनात लावला आणि त्या दिवसापासून आजपर्यंत पासष्टाव्या अक्षरापलीकडे एकही ओळ जाऊ दिलेली नाही.

एडिटर म्हणजे काय, तर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक काठी. चित्रं नाहीत, रंग नाहीत, माउसला काम नाही. बाईंनी माउस पुसून खणात ठेवला. पडदा त्यांना पहिल्याच दिवशी आवडला, कारण जे टाइप करावं तेच तो दाखवत होता, कमी नाही की जास्त नाही. यंत्रही तेच करायचं, फक्त त्याला रिबन लागायची.

पहिल्या वर्षी त्या दुसऱ्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या टाइप करत होत्या. दुसऱ्या वर्षी दुसरं कोणी उरलं नाही. एका ड्रायव्हरला रात्रीची ड्यूटी संपताच पहाटेची लागली आणि बिचाऱ्याला स्टेअरिंगवरच डुलकी आली, सुदैवाने डेपोच्या आत. बाईंनी त्या दुपारी प्रोग्राम वरून खालपर्यंत वाचला, एखाद्याचं गिचमिड हस्ताक्षर लावावं तसा, आणि रात्रीनंतर पहाट येऊ नये म्हणून दोन ओळी घातल्या. त्या दोन ओळींनी शहरातल्या तीनशे चाळीस ड्रायव्हरांना एकाच बुधवारी सुटी दिली. यादी छापून झाली होती, पण लागली नव्हती. छापलेलं वाचल्याशिवाय सहीला पाठवू नये, हा त्यांच्या जुन्या धंद्याचा नियम होता. त्या दिवशी या नियमाने शहराला पायी चालण्यापासून वाचवलं. याची नोंद कुठेही नाही.

त्यानंतर त्यांची एक रीत बसली. एडिटरात ओळ लिहायची, जतन करायची, बाहेर येऊन एक आज्ञा देऊन प्रोग्राम चालवायचा, यादी छापायची, आणि ओळीखाली पट्टी सरकवत शिसपेन्सिलने वाचायची. चुकलं की पुन्हा काळ्या पडद्यावर. दोनशे ओळींच्या चार हजार तीनशे झाल्या. इतकं होऊनही आपण काही लिहितो असं बाईंना वाटत नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, "यादीचं टायपिंग बघते."

या रीतीतला एक भाग मात्र जगात दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये असेल असं वाटत नाही. जुन्या टायपिस्टांना शिकवलेलं असतं की मूळ मजकूर खरवडून काढायचा नाही. त्यावर रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि आद्याक्षरं. बाई प्रोग्राममधूनही काही काढून टाकत नसत. रद्द झालेल्या ओळीच्या सुरुवातीला एक खूण घालत. अशी खूण असली की संगणक ती ओळ सोडून देतो, ती फक्त माणसांनी वाचायची असते. म्हणजे ती कोणीच वाचत नाही. आणि प्रत्येक बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला, हेही त्या खुणेच्या ओळीत लिहीत. वाहतूक शाखेत लेखी आदेश वर्षाला दोन-तीन निघतात. बाकी सगळं राज्य तोंडी चालतं. ते तोंडी राज्य बाईंनी एकोणीस वर्षं जसंच्या तसं टंकित केलं होतं. वर्णनपत्रकात कर्तव्य म्हणून तेच तर लिहिलेलं होतं.

उदाहरणार्थ, एके ठिकाणी होतं: 'सुटीचा वरील नियम रद्द. साहेब बदलले.' त्याखाली चौदा महिन्यांनी: 'सुटीचा जुनाच नियम लागू. साहेब परत आले.' आणि आणखी खाली, सहा वर्षांपूर्वीच्या तारखेची एक ओळ: 'वाहतूक व्यवस्थापक साहेबांनी तोंडी सांगितले, बिल्ला ११७ यास पहाटेची ड्यूटी देऊ नये. कारण विचारले. सांगितले नाही.'

बिल्ला ११७ हा साहेबांचा मेहुणा होता. हे बाईंनी लिहिलं नव्हतं, कारण ते कोणी सांगितलं नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना वरून परिपत्रक आलं. टंकलेखकांची सर्व पदं निरस्त. ड्यूटीची यादी यापुढे आधुनिक प्रणालीवर होईल. जुना प्रोग्राम एक सल्लागार कंपनी तपासून ताब्यात घेईल. टंकलेखकांना बसमध्ये सापडलेल्या वस्तूंच्या तळघरातल्या भांडारात सामावून घ्यावं, मात्र आधुनिक एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करण्याची क्षमता सिद्ध करणाऱ्यास आहे त्या जागी ठेवण्याचा विचार करता येईल. बाईंनी परिपत्रकाच्या बारा प्रती काढल्या, एक स्वतःसाठी. निवृत्तीला तीन वर्षं होती. भांडारात छत्र्या होत्या, एकेकटे हातमोजे होते, एक कवळी होती, आणि तिथे टाइप करण्यासारखं काहीही नव्हतं.

त्यांनी घरी सांगितलं तेव्हा लेक म्हणाली, "त्यात काय, मी शिकवते." लेक एका कंपनीत प्रोग्राम लिहायची आणि आईच्या काळ्या पडद्याला 'खाणीतलं काम' म्हणायची. रविवारी सकाळी तिने आपला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्राम लिहायची सगळी साधनं एकत्र असलेली खिडकी, उघडायला लागलं. ते उघडेपर्यंत बाईंनी भाजी निवडून घेतली.

"हे बघ, आई. डावीकडे सगळ्या फायली, खाली चुका, उजवीकडे मदत. आणि तू दोन अक्षरं टाइप केलीस की पुढचं ते स्वतःच सुचवतं."

"मधे काय आहे?"

"मधे तू टाइप करायचंस."

"एवढ्याशा जागेत?"

"तू सुरुवात तर कर."

बाईंनी सुरुवात केली. दोन अक्षरांवर एक खिडकी उघडली आणि तिने बाईंचा शब्द पुरा करून टाकला. तो बाईंचा नव्हता.

"माझं वाक्य माझ्या आधी पुरं करायची सवय तुझ्या आजीला होती," बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं काढली मी. आता पुन्हा नको गं."

"आजी सुचवायची नाही, ठरवायची. हे फक्त सुचवतंय. नको असेल तर नाही म्हण."

"आजीचंही तसंच होतं. नाही म्हणायची मुभा होती."

सोफ्यावरून नवरा हसला. तो बस सेवेतलाच ड्रायव्हर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, बिल्ला २०८. "तुला सांगतो," तो लेकीला म्हणाला, "यादी करणारी बाई घरात, आणि माझी पहाटे चारची ड्यूटी एकदा चुकली असेल तर शपथ. डेपोत पोरं म्हणायची, काका, घरी भांडण झालंय का?"

"तुमची पाळी यायची म्हणून ती लागायची," बाई म्हणाल्या.

"आणि ११७ ची कधीच कशी यायची नाही?"

"त्यांचं सांगितलेलं होतं. तुमचं कोणी सांगितलं नव्हतं."

"मी सांगितलं असतं तर?"

"तर लिहिलं असतं. बिल्ला २०८ ने स्वतः सांगितले, कारण झोप येते."

लेकीने लॅपटॉप बंद केला, कारण आईचं लक्ष उडालं होतं, आणि तिला स्वतःला हसू आवरत नव्हतं.

मंगळवारी सल्लागार आला. टक्कल, जड बॅग, स्वभावाने गरीब. त्याच्याजवळ एक छापील तक्ता होता आणि तो रकाने भरत निघाला होता.

"एन्व्हायर्नमेंट कुठलं?"

"हे," बाईंनी पडद्याकडे बोट केलं.

"हा एडिटर झाला. बाकीचं?"

बाईंनी पट्टी आणि शिसपेन्सिल उचलून दाखवली. सल्लागाराने त्यांच्याकडे पाहिलं, थट्टा नाही अशी खात्री करून घेतली, आणि पुढच्या रकान्याकडे वळला. परवाना क्रमांक नव्हता. खरेदीची किंमत नव्हती, कारण एडिटर फुकट होता. किंमत नाही ती वस्तू मालमत्तेत येत नाही, आणि मालमत्तेत नाही तिला तक्त्यात जागा नाही. त्याने तिथे आडवी रेघ मारली. एकोणीस वर्षांची यादी त्या रेघेत गेली.

मग परीक्षा. एक नवा नियम घालायचा होता: डोळ्यांच्या तपासणीची तारीख उलटलेल्या ड्रायव्हरला ड्यूटी मिळू नये. सल्लागाराच्या लॅपटॉपवर, त्या सुचवणाऱ्या खिडक्यांना नको नको म्हणत, बाईंना पन्नास मिनिटं लागली आणि तरी नियम चुकला. मग त्यांनी हलकेच विचारलं, "माझ्याकडे करून बघू?" काळ्या पडद्यावर सहा मिनिटं लागली, त्यातली दोन छापलेलं वाचण्यात. सल्लागार सरळ माणूस होता. त्याने दोन्ही आकडे लिहिले. तक्त्यात रकाना एकच असल्यामुळे दुसरा आकडा समासात गेला.

नंतर तो प्रोग्राम वाचायला बसला, आणि खुणेच्या ओळींपाशी त्याचा वेग कमी झाला. साहेब बदलले, साहेब परत आले, इथे तो हसला. ११७ पाशी थांबला.

"हे साहेब कोण?"

"जे होते ते. तारीख लिहिली आहे."

"सगळा छापून द्या मला शुक्रवारी. या ओळींसकट हं. या नसतील तर यातलं काहीच कळणार नाही कोणाला." चहा घ्यायला वर गेल्यावर त्याने व्यवस्थापकांना मोकळेपणाने सांगितलं की तुमच्या बाईंनी नोंदी फार तपशीलवार ठेवल्या आहेत. कौतुकानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता साहेब खाली बाईंच्या खोलीत आले. आजवर बाईंना वर बोलावणं यायचं. साहेब आले, दार लोटलं, आणि बसायला खुर्ची नाही हे पाहून कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"दाखवा," ते म्हणाले.

बाईंनी शोधाची कळ दाबली आणि साहेबांचं पद टाइप केलं. एकेक ओळ वर येत गेली. अकरा होत्या. साहेबांनी वाचल्या. माणूस तोंडी बोलतो तेव्हा ते हवेत विरतं असं त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत वाटत आलं होतं, आणि ते बोलले कोणापुढे, तर टायपिस्टपुढे.

"या काढून टाका, बाई. किती वेळ लागेल?"

"अर्धं मिनिट."

"मग काढा. तुमच्या जागेचं मी वर बोलतो. तीन वर्षं राहिलीत ना? इथेच काढाल. मी शब्द देतो."

बाईंचा हात कळांवर होता. साहेब वाईट माणूस नव्हते. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी अर्ज न घेता आठ दिवस सुटी दिली होती. तीही, खरं तर, तोंडीच. आणि तळघरात खिडकी नव्हती. अकरा ओळी. संगणक त्या वाचतही नव्हता. गेल्या तर यादीत टिंबाचाही फरक पडणार नव्हता. नेमक्या त्यामुळेच बाईंना अवघड वाटू लागलं. यादी संगणकासाठी होती, पण या ओळी माणसांसाठी लिहिल्या होत्या, आणि आता कुठे एक माणूस वाचायला आला होता.

"काढते," त्या म्हणाल्या. "पण कोणाच्या सांगण्यावरून काढल्या ते लिहावं लागेल."

"म्हणजे काय?"

बाईंनी सांगत बसण्यापेक्षा टाइप केलं. साहेबांच्या डोळ्यांदेखत पडद्यावर एक नवी ओळ उमटली: 'व्यवस्थापक साहेबांनी तोंडी सांगितले, पुढील अकरा ओळी काढाव्यात. कारण विचारले.' आणि काठी लुकलुकत थांबली.

साहेबांनी त्या काठीकडे पाहिलं. भांडायला आलेल्या माणसाला भांडायला कोणी मिळू नये, तसं त्यांचं झालं होतं.

"तुम्ही ऐकणार नाही."

"ऐकलं तेच टाइप करते, साहेब. दुसरं काही येत नाही मला."

ते उठतील असं बाईंना वाटलं. ते उठले नाहीत. गठ्ठ्यावर बसल्या बसल्याच म्हणाले, "११७ चं कारण तेव्हा सांगितलं नाही, कारण त्याने नको म्हटलं होतं. माझी बहीण गेली त्या साली. त्याचा मुलगा चालत नाही. सकाळी त्याला उचलून, धुऊनपुसून, खुर्चीत बसवायला घरात दुसरं कोणी नाही. आठ वाजता सांभाळायला बाई येते. डेपोत कळलं तर लोक कीव करतील म्हणाला. मी म्हटलं, नाही सांगत. लोक म्हणाले मेहुण्याची सोय लावली. म्हणू दे म्हटलं."



"तेव्हाच सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या. "लिहिलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

 मग बाईंनी एक प्रश्न विचारला. प्रोग्राम लिहिण्याच्या धंद्यातली माणसं असे प्रश्न सवयीने विचारतात आणि साहेबलोकांना ते सुचत नाहीत. "नियम फक्त ११७ पुरता ठेवायचा, का ज्याच्या घरी असं कोणी आहे त्या सगळ्यांसाठी?"

"दुसऱ्या कोणाकडे आहे असं?"

"कोणी विचारलेलं नाही, म्हणून माहीत नाही."

साहेबांनी कपाळ चोळलं. "सगळ्यांसाठी करा. येईल करता?"

"येईल. नाव लिहावं लागणार नाही. मुलाचंही नाही. ड्रायव्हरांच्या तक्त्यात एक रकाना वाढवते, घरी सकाळची जबाबदारी, आहे की नाही. एवढंच."

"तेवढंच लिहा."

बाईंनी ११७ च्या जुन्या नियमावर खूण घातली, नव्या रकान्यात त्याच्यापुढे 'आहे' भरलं, नवा नियम घातला आणि खाली टाइप केलं: 'बिल्ला ११७ चा नियम रद्द. घरी सकाळची जबाबदारी असलेल्या सर्वांना लागू. कारण आज सांगितले.' जतन केलं. बाहेर येऊन प्रोग्राम चालवला, यादी छापली, पट्टी ठेवून वाचली. ११७ पहाटेत नव्हता. बरोबर होतं.

"बाकी दहा ओळींचं काय?" त्यांनी विचारलं.

"त्यांना काही कारण नाही," साहेब म्हणाले, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा थोडे हसले.

"मग तसंच लिहू?"

"राहू द्या त्या. आहेत तशा राहू द्या." दारातून त्यांनी मागे वळून पाहिलं. "शुक्रवारी त्याला सगळं देणार तुम्ही?"

"मागितलंय, साहेब."

शुक्रवारी सल्लागार एकशे आठ पानांचा गठ्ठा घेऊन गेला. महिन्याभरात साहेबांना वरून दहा ओळींबद्दल खुलासा मागण्यात आला. त्यांनी तो दिला, टाइप बाईंनी केला, आणि साहेबांची बढती एक वर्ष पुढे गेली. रकान्यात आणखी सात ड्रायव्हरांनी 'आहे' असं लिहून दिलं. त्यांतला एक बाईंच्या नवऱ्याचा जुना जोडीदार होता. त्याच्या घरी काय होतं हे वीस वर्षांत नवऱ्याला कळलं नव्हतं. नवरा त्या रात्री जेवताना पाळीबद्दल काही बोलला नाही.

कंपनीने कळवलं की प्रोग्राम नव्या प्रणालीवर नेता येईल, काळ निश्चित सांगता येणार नाही, दरम्यान तो आहे तिथे चालू ठेवावा. त्यानंतर अंतिम आदेश निघाला. टंकलेखक, श्रेणी दोन हे पद निरस्त. सदर कर्मचाऱ्याने आधुनिक एन्व्हायर्नमेंटमधील क्षमता सिद्ध केली नसल्याने तिला भांडारपाल, तळघर, या जागी तात्काळ वर्ग करण्यात येत आहे. सदर कर्मचाऱ्यास स्वतंत्र लेखनाचा अधिकार नसल्याने ड्यूटी यादी प्रोग्रामच्या लेखकाच्या रकान्यात 'अज्ञात' असे नोंदवावे. पासष्ट अक्षरांच्या ओळीत, दोन्ही समास सांभाळून, बाईंनी तो आदेश टाइप केला आणि सहीला वर नेला.

साहेबांनी सही केली. "तुम्ही बसा आपल्या जागी," ते म्हणाले. "यादी कोण काढणार? लेखी देता येणार नाही मला."

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि खाली येऊन त्यांनी ते तारखेसह लिहून ठेवलं.

याला पंधरा महिने झाले. भांडारपाल रोज सकाळी साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या जुन्या खोलीत येते, आणि तळघराची किल्ली अजून पहारेकऱ्याकडेच आहे.